तीन कापांतला ठिपका

४ मार्च
नणंदेच्या लेकीचं हृदय माझ्याच टेबलावर आलं! दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं, तर विभागप्रमुख म्हणाले, "दुसरं आहे कोण?" खरंय. स्कॅनचे शेकडो काप एकावर एक रचून हृदयाचा त्रिमितीय आकार उभा करणारी इथे मी एकटीच. चार वर्षांची पोर. खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला मोठं भोक. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन.

५ मार्च
मॉडेल झालं. स्कॅनच्या वेळी पोर हलली होती, त्यामुळे बारीक ठिपके फार. नेहमीसारखे पुसून टाकले — सर्जनना मॉडेल स्वच्छ लागतं. नणंदेचा फोन. "वहिनी, नीट दिसलं ना सगळं?" म्हटलं, अगदी आरशासारखं. पोरीने मधेच फोन ओढला. "मामी, माझं हृदय कुठल्या रंगाचं केलंस?" हिरवं, म्हटलं. खूश झाली.

६ मार्च
भाजी चिरताना हात थांबला. हलण्यामुळे पडलेला कचरा एखाद्याच कापात दिसतो. भिंतीच्या तळाचा, मी पुसलेला एक ठिपका सलग तीन कापांत होता.

७ मार्च
मूळ स्कॅन पुन्हा उघडला. आहे. बहुतेक आहे. ते दुसरं भोक असेल आणि मोठंच तेवढं बुजवलं, तर रक्त तिथून घुसत राहील. ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवरून पोर उतरायची नाही. नवरा म्हणतो, "खात्री आहे? नसेल तर ताईला उगाच घाबरवू नकोस." खात्री नाही म्हणूनच तर पुन्हा पुन्हा उघडून बघतेय! राग आला. त्याचा कमी, माझाच जास्त.

१० मार्च
शनिवार-रविवार शेपूट घातली. आज सर्जनना सांगितलं. "मी पुसलं," म्हटलं. त्यांनी तिन्ही काप उघडून बघितले. "हे आज सांगतेस? उद्या सकाळी टेबलावर आहे ती." मग म्हणाले, "शोधतो आत." नणंदेलाही सांगून टाकलं. तिने फोन ठेवून दिला.

११ मार्च
साडेपाच तास. नणंद माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती. सर्जन बाहेर आले. "होतं. तू दाखवलंस तिथेच. दोन्ही बुजवली. मशीन काढलंय." नणंद उठून जवळ आली, माझा हात गच्च धरून रडली. मीही रडले. सुटले, असं वाटलं.

१३ मार्च
जुनी मॉडेलं मूळ स्कॅनशी ताडून बघायला घेतली. नवव्या फायलीत तसाच ठिपका. सलग चार काप. मीच पुसलेला.
त्या फायलीतलं बाळ मशीनवरून उतरलं नव्हतं. का, ते कुणालाच कळलं नव्हतं.