दहापैकी सहा

१४ ऑक्टोबर

हो म्हटलं! एकदा नाही, दोनदा — कारण त्याने दोनदा विचारलं.

क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही. दुपारी हॉकीचा सामना. चारच्या सुमारास समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. अशा वेळी आमच्याकडून सगळ्यात आधी सुटतो तो हाच. चेंडू मारणाऱ्याच्या थेट अंगावर धावून जायचं, स्वतःवर झेलायचा, पण गोलपर्यंत पोचू द्यायचा नाही. शहाणा माणूस हे काम मागून घेत नाही. हा अकरा वर्षं घेतोय. आज चेंडू मास्कच्या कडेला, कानशिलावर बसला. पडला, उठला, हसला.

मी संघाची फिजिओ. बाकावर बसवून नेहमीची परीक्षा घेतली — दहा शब्द वाचून दाखवायचे, पाच मिनिटांनी त्याने ते परत सांगायचे. सहा सांगितले. हंगामाआधी, सप्टेंबरात, चारच सांगितले होते. म्हणजे कागदावर स्वारी मार खाऊन हुशार झाली! कोच म्हणाले, "मॅडम, सोडा त्याला." सोडलं.

सातला घरी आला. मी ओट्याशी मटार सोलत होते. हा स्टुलावर, घोट्याला अजून टेप. म्हणाला, "ऐक ना, आपण लग्न करू. मला आता कुठे जायचं नाहीये." मी हो म्हटलं. दहाएक मिनिटांनी चहा गाळत होते, तर पुन्हा — तेच शब्द, तोच चेहरा. "ऐक ना, आपण लग्न करू." वेडा! हसत हसत पुन्हा हो म्हटलं.

त्रेचाळीस वर्षांची बाई मी, आणि उद्गारचिन्हं बघा किती!

१५ ऑक्टोबर

ताईला फोन. आधी किंचाळली, मग — "कोण, तो? गावोगावचा जावई?" संघात त्याला जावईच म्हणतात. जिथे स्पर्धा तिथे सासुरवाडी. मी म्हटलं, ते जुनं झालं, मार्चपासून माझ्याशिवाय कोणी नाही. "जित्याची खोड गं बाई," ताई म्हणाली. "बरं, दे त्याला."

अकरा वाजले तरी झोपला होता. उठवून फोन कानाला लावला. ताईने अभिनंदन केलं. हा गप्प. इतका वेळ गप्प की पलीकडून "हॅलो, हॅलो" ऐकू यायला लागलं. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "हो ताई. आशीर्वाद असू द्या."

लाजला. हा माणूससुद्धा लाजतो तर!

२ नोव्हेंबर

फ्रिजवर त्याने कागद लावलाय. त्याच्या हातचा. "उशीर होणार असेल तर कळवणे. कप विसळून ठेवणे. तिला विचारणे — दिवस कसा गेला." तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा.

वाचून डोळे भरून आले. पस्तिसाव्या वर्षी पाटीवर अ आ ई गिरवतोय. संघातली मुलं टवाळी करतात — "जावई घरजावई झाला!" तो हसतो. सहाला सराव संपतो, सातला घरी. फोन माझ्यासमोर टेबलावर पडलेला. वाजतो, तो उचलत नाही. म्हणतो, "आवाज नको वाटतो आता सगळ्यांचा. तुझाच तेवढा बरा."

दिवे मात्र लावू देत नाही. अर्ध्या अंधारात बसून असतो. मीही बसते शेजारी.

९ नोव्हेंबर

गॅस चालू ठेवून दूध आणायला गेला. दूध फ्रिजमध्ये होतं. हसलो दोघं.

२१ नोव्हेंबर

नोंदणी कार्यालयातून तारीख मिळाली. १९ जानेवारी, सकाळी अकरा! ताई साक्षीदार म्हणून येणार. "मी सही करताना रडणार, आधीच सांगून ठेवते."

दुपारी कोचच्या घरी जेवण होतं. पूर्वी असल्या ठिकाणी हा सगळ्यात शेवटी निघायचा, तोही एकटा नाही. आज अर्ध्या तासात उठला आणि गाडीत जाऊन डोळ्यांवर टॉवेल घेऊन बसला. मागे राहिलेल्या बायका मला म्हणाल्या — "काय जादू केलीस गं? बैल अगदी दावणीला बांधलास!" फुगले मी. खोटं कशाला बोलू.

आणि एक. दारात एक बाई भेटली. त्याच्या जुन्यांपैकी, मला माहीत असलेली. ती लाडात येऊन म्हणाली, "ओळख ठेवा हो!" त्याने नम्रपणे हात जोडले. "माफ करा, आपण कुठे भेटलोय?" ती आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. ते नाटक नव्हतं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

मला काय आनंद झाला! तिच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

२८ नोव्हेंबर

सात वाजले, साडेसात, आठ. कळवलं नाही. आला तो घामाघूम. "वळण चुकलं," म्हणाला. मैदानापासून माझ्या घरापर्यंत दोन वळणं आहेत. दोन!

काही बोलले नाही. तो तोंड धुवायला गेला आणि मी त्याचा शर्ट हुंगला. त्याच्या आधीच्या बायकांनीही हेच केलं असेल. घामाचा वास आला, बाकी कसलाच नाही. हुश्श केलं.

फ्रिजवरच्या कागदावर एक ओळ वाढलीय. आपल्या घराचा पत्ता.

३० नोव्हेंबर

गोलकीपर आला माझ्या खोलीत. दार लावून घेतलं. भला मोठा गडी, पण गुडघ्यावरचं पॅड उगाच सोडत-बांधत बसला.

"मॅडम, तुम्हाला सांगू नको म्हणालाय तो."

"काय?"

"सरावानंतर ओकतो. रोज. महिना झाला असेल... जास्तच. आणि काल मला विचारत होता, आपण कुठल्या बाजूला गोल करायचाय."

मी त्याला म्हटलं, बरं झालं सांगितलंस, जा. तो गेला आणि मी बोटं मोजत बसले. प्रकाश नको. आवाज नको. माणसं नकोत. घर सोडून कुठे जायला नको. ही लक्षणं मी दरवर्षी फळ्यावर लिहून मुलांना शिकवते! डोक्याला मार बसल्यावर काय होतं — एक, दोन, तीन. घरी हेच बघत होते आणि त्याला प्रेम म्हणत होते.

आणि ती संध्याकाळ. चेंडू चारला लागला. लग्नाचं सातला विचारलं. दहा मिनिटांनी तेच, त्याच शब्दांत. मेंदू हलला की माणूस तेच तेच बोलतो. हेही मीच शिकवते.

मग त्या दिवशी मला विचारलं ते कोणी — त्याने, की त्या माराने?

१ डिसेंबर

आज पुन्हा परीक्षा घेतली. पाच शब्द आले. सप्टेंबरपेक्षा एक जास्त. कागद म्हणतो, ठणठणीत.

कागद खोटा आहे हे जगात दोघांना माहीत आहे. हंगामाआधीची परीक्षा मुद्दाम ढ होऊन द्यायची, ही खेळाडूंची जुनी चलाखी. आधीच कमी गुण मिळवून ठेवले की पुढे मार बसला तरी घसरण दिसत नाही, आणि कोणी बाहेर बसवत नाही. सप्टेंबरात तो चार शब्दांवर थांबला आणि मला डोळा मारला. मी समजले. हसले. चार लिहिलं. लाजतसुद्धा होते बहुतेक.

त्याला म्हटलं, मी सांगणार आहे.

"जानेवारीत निवड आहे. माझं शेवटचं वर्ष."

"पुढचा चेंडू शेवटचा ठरेल."

"अगं, सगळेच करतात!"

"सगळ्यांना घरचा पत्ता लिहून ठेवावा लागत नाही."

तो हळूच म्हणाला, "पण तुझीही नोकरी जाईल." धमकी म्हणून नाही. काळजीने! ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

२ डिसेंबर

खरं लिहायचं तर फक्त इथे लिहिता येईल.

मला नोकरीची भीती नाही. तो बरा होईल याची भीती वाटतेय. जित्याची खोड जाते ती अशी — डोक्यावर चेंडू बसून. आणि डोकं ताळ्यावर आलं की? हा सातला घरी येणारा, कप विसळणारा, "दिवस कसा गेला" विचारणारा माणूस — तो आजार असला तर?

गप्प राहिले तर तो माझा राहील. असाच. एकेक शब्द कमी होत.

वरचं वाचून पाहिलं. हे मी लिहिलंय.

५ डिसेंबर

आज पेनल्टी कॉर्नरचा सराव. बाजूला उभी होते. शिट्टी वाजली की तो सुटतो. पूर्वी बाणासारखा जायचा. आता क्षणभर थांबतो — कुठे जायचंय ते आठवत असल्यासारखा — आणि मग धावतो. त्या एका क्षणात चेंडू निघालेला असतो. पाच वेळा बघितलं. सहाव्यांदा डोळे मिटले.

परवा सामना.

७ डिसेंबर

सांगितलं.

सामन्याआधी दीड तास. कोच बूट बांधत होते. सप्टेंबरचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, हा खोटा आहे, त्याने मुद्दाम चुकवला आणि मी चुकवू दिला. कोच म्हणाले, "मॅडम, आता? आत्ता सांगताय? सगळी मुलं करतात हे, मला माहीत नाही का!" मी म्हटलं, "मग आपण दोघांनीही डोळ्यांवर कातडं ओढलं होतं, सर." त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला. बाहेर गेले. मुलं "नवरदेव, नवरदेव" करत त्याला चिडवत होती, ती एकदम थांबली.

तो पूर्ण तयार होता. मास्क हातात. माझ्याकडे बघितलं नाही. बाकाच्या टोकाला बसून घोट्याचं टेप सोडायला लागला. सावकाश, न फाडता.

९ डिसेंबर

मेंदूच्या डॉक्टरीणबाई. शांत, वयस्क. मशीनमधले फोटो लावून बोलल्या. हॉकी संपली. पूर्ण विश्रांती मिळाली तर बाकी बरंच भरून येईल. "आणखी एक बसला असता तर ही बाई तुम्हाला इथे घेऊन आली नसती, दुसरीकडे नेलं असतं." मग त्यांनी विचारलं, "तो मार लागलेला दिवस आठवतो?"

"हो... थोडा," तो म्हणाला. आणि जमिनीकडे बघत राहिला.

मी पुढचं विचारू शकले असते. नाही विचारलं.

१० डिसेंबर

मला तूर्त कामावरून बाजूला केल्याचं पत्र. ताई म्हणाली, "हरिश्चंद्र झालीस, आता भोग." मग म्हणाली, "जेवलीस का?"

१६ डिसेंबर

आठवडा झाला, एका घरात आहोत आणि बोलणं "मीठ दे" एवढंच. सगळे कप मात्र विसळलेले.

२९ डिसेंबर

आज खिडकीत बसून पेपर वाचला. अर्धं पान. उन्हात! मला हाक मारून दाखवलं. मी "वा" म्हटलं. आणि पडदा ओढून घ्यावासा वाटला.

१२ जानेवारी

डॉक्टरीणबाई खूश. नव्याने परीक्षा घेतली, खरीखुरी. दहापैकी नऊ. "साबण" तेवढा राहिला. घरी येताना दोन्ही वळणं त्यानेच सांगितली. संध्याकाळी दाढी केली, फोन घेतला, खूप वेळ जिन्यात उभा राहून कोणाशी तरी बोलला. हसण्याचा आवाज येत होता. तो जुना, गळ्यातून येणारा. मी दाराशी गेले नाही. पण कान देऊन उभी होते.

फ्रिजवरचा कागद काढून टाकलाय. "लागत नाही आता," म्हणाला.

ताईचा फोन: एकोणीसला निळी साडी की हिरवी? मी म्हटलं, कुठलीही.

१८ जानेवारी

सकाळी समोर बसला. म्हणाला, "मला खरं सांग. त्या दिवशी मी तुला काय विचारलं? माझ्या डोक्यात कॉर्नरची शिट्टी आहे आणि त्यानंतर एकदम ताईंचा फोन. माझं लग्न ठरलंय हे मला त्यांच्याकडून कळलं."

तीन महिने! हा माणूस तीन महिने न आठवणारा शब्द पाळत होता.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुझा चेहरा बघितला. म्हटलं, बोललो असेन तर निभवायला हवं."

मी म्हणाले, "तू काहीच विचारलं नव्हतंस. ताईला मीच थाप मारली."

माझ्याकडे बघितलं. आता नजर अगदी स्वच्छ आहे त्याची.

"म्हणजे मी बांधील नाही."

"नाही."

"बरं," म्हणाला. बूट घातले आणि गेला. कुठे, ते विचारलं नाही.

उद्या नोंदणी कार्यालयात अकराची वेळ आहे. मी जाणार.