सापावरचा आळ

मुकुटबन,
३० सप्टेंबर २००७

चि. सुरभीस,
अनेक आशीर्वाद. इकडे आजीचा गुडघा तेवढा दुखतो, बाकी चालले आहे. आई म्हणते, नागपूरच्या खोलीवर उपाशी अभ्यास करू नकोस.

महालक्ष्म्यांच्या सुट्टीतल्या तुझ्या शेवटच्या सकाळी मी भरलेला चहाचा कप तसाच ठेवून शेतात निघून गेलो. तुला बसपर्यंत सोडायलाही आलो नाही. दुपारपर्यंत धुऱ्याच्या बांधावर बसून होतो. गवताची काडीही उपटली नाही.

तुझे पत्र मिळाले. लिहितेस, ‘तुम्हाला मी विलायतेला जायला नको आहे, हे त्या दिवशी कळलं. तिकडच्या प्रवेशपरीक्षेतून नाव काढून घेते.’

त्याआधीच्या सगळ्या सकाळी आठव. तू त्या परीक्षेचे पुस्तक उघडायचीस आणि प्रश्न मला मराठीत सांगायचीस. ना गणित, ना इतिहास. तिकडचे विद्यापीठ नुसता विचार तपासून प्रवेश देते, याचे मला फार नवल वाटे.

"पाऊस आला की त्या गावात बाजार भरत नाही. आज बाजार भरला नाही. मंग पाऊस आला का, बाबा?"

"काय सांगता येते? गावात कोनी मेलं असन."

"उत्तर बरोबर हाय. पन दर खेपेले कोनाले मारू नका!"

आजीसुद्धा हसली होती.

शेवटच्या सकाळचा उतारा कापसाच्या एका जिल्ह्याचा निघाला. आत्महत्या केलेले बहुतेक शेतकरी दारू पीत, म्हणून दारू हेच कारण, असे तिकडच्या कोणी मांडलेले. त्याने काय गृहीत धरले, ते ओळखायचे होते. "सांगा ना, बाबा," तू म्हणालीस, "लिहिलं तेवढंच धराचं. घरचं काही आनाचं नाही."

मला घरचेच आठवले.

तुझा अमरकाका माळकरी होता. सुपारीदेखील खात नव्हता. त्याला शेतात साप चावला असे तू ऐकत आलीस. साप चावला नव्हता, सुरभी. माझ्या भावाने आपल्या हाताने जीव दिला. आजीला सोसणार नाही म्हणून भावकीतले बबनराव म्हणाले, "साप म्हना, विठ्ठलराव. सापाले कोन विचाराले जाते?" मी मान डोलावली.

तेव्हापासून आजी नागपंचमीला वारुळाकडे फिरकत नाही. साप दिसला की शिव्या देत गड्यांना हाक मारते. किती मुके जीव विनाकारण मेले! देवापुढे हात जोडले की तेच दिसतात.

तू विलायतेला जाऊ नये असे मला वाटले नव्हते; पण तुझा विचारही चुकला नव्हता. बाबा उठून गेले, बोलले नाहीत. तुला ठाऊक होते तेवढ्यातून दुसरे काय निघणार?

खोटी आशा दाखवत नाही. सरावात तुला किती कमी गुण पडतात, हे तूच सांगितलेस. देशोदेशीची मुले त्या परीक्षेला बसणार. निभाव लागेल असे मलाही वाटत नाही. आणि लागला, तरी तिथे असेच उतारे तुझ्यापुढे येतील, आणि घरचे बाजूला ठेव म्हणतील. तरी नाव काढायचे तर तुझ्या कारणाने काढ. माझ्या गप्प बसण्याने नको.

तुला लिहायचे आणि आजीला अंधारात ठेवायचे, हे जमेना. आज सकाळी पूजा आटोपून मी तिच्या बाजेजवळ बसलो आणि सगळे सांगितले. ती म्हणाली, "मंग इतके दिवस म्या कोनाले शिव्या देल्या रे?"

ती अजून जेवलेली नाही. तुझी आई ताट झाकून बसली आहे. पुढे काय होईल, देवाला ठाऊक. पण सांगितले.

उशिरा बोललेला,
तुझा बाबा