डाव्या हाताचा पीळ

ती. आई,

शेंडेफळाचा नमस्कार. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं, तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

गॅरेजात सध्या शर्यतीची एक जुनी गाडी उघडली आहे, बाबा असल्या गाड्यांवर काम करायचे त्या काळातली. त्यांना सांग, इंजिन अजून तसंच घुमतं, ऐकणाऱ्याच्या छातीत.

एक गंमत. बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून आम्ही त्यांना तार पिळून बांधतो. सगळे उजवीकडे पिळतात, डावखुरे बाबा तेवढे उलटे. तीन दिवस झाले, संध्याकाळी मी सरळ पीळ देऊन कुलूप लावतो. सकाळी तार उलटी पिळलेली असते आणि इंजिन कोमट. किल्ली माझ्याच खिशात. उस्ताद म्हणतात, तुझं कामात लक्ष नाही. नसेलही.

लकव्यानंतर बाबांचा डावा हात अजून हलत नाही ना? मालीशवाला येतो का?

उद्या त्यांना आंघोळ घालण्याआधी त्या हाताची नखं बघ. काळी असली तर घाबरू नकोस, रॉकेलच्या बोळ्याने पूस. साबणाने ते तेल निघत नाही.

तुझा,
धाकटा