खणातली तीन पत्रं

थोरल्या,

स्वतःच्या आठ वर्षांच्या पोरीवर पट्टी उगारतात का रे? वर म्हणे, शाळा बंद, उद्यापासून दुकानात बस. मी तिला शाळेतच घेऊन गेले आहे, आज तिच्या वाचनाची तपासणी आहे. मागे येऊ नकोस. तपासणीच्या कागदावर सही सूनबाईने केली. तिला एक शब्द बोललास तर गाठ माझ्याशी आहे.

काल तू बाहेर पडल्यावर मी मुद्दाम पुस्तकाचं भलतंच पान उघडून दिलं. पोरीने ओळींवरून बोट फिरवत जुनाच धडा घडाघडा म्हटला. ती वाचत नाही रे, ऐकून पाठ करते. अक्षरं तिच्यापुढे जागेवर राहत नाहीत. तिने शर्टांना केलेली काजं बघ, एक वाकडं नाही. अशी पोर आळशी असते का?

तिच्या बाईंनी हेच तीन पत्रांत कळवलं होतं. तिन्ही तुझ्या शिलाई मशीनच्या खणात सापडली, पाकिटंसुद्धा न फोडलेली. अक्षराला अक्षर जोडत वाचायला मला दोन दिवस लागले.

आल्यावर तिच्यादेखत मोठ्याने म्हणणार आहे, ते आधीच ऐकून ठेव: तिला वाचता येत नाही. तुला येतं, आणि तू वाचत नाहीस. आळशी तू आहेस.

आई