पॅनलरूमबाहेरची ऊब

बाबा, आज मी देवासकडच्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यातून आले आणि कपडे न बदलताच लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. मी नेमकं काय करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मोठ्या कारखान्यांना आता कायद्यानेच दाखवावं लागतं की वीज कुठे लागली आणि कुठे वाया गेली. त्यासाठी माझ्यासारखी परीक्षा पास झालेली माणसं जाऊन मोजमाप करतात. आमच्या सहीचा रिपोर्ट मुदतीत सरकारकडे गेला नाही तर कारखाना अडचणीत येतो. एनर्जी ऑडिट म्हणतात त्याला. आमचं ऑफिस पलासियाला आहे, पण मी बहुतेक दिवस कुठल्यातरी शेडमध्ये कानात कापूस घालून मीटरसमोर उभी असते. आई म्हणते, अगदी बापावर गेली.

दुपारी मेन पॅनलरूममध्ये थर्मल कॅमेरा लावला. त्यात उष्णता रंगांत दिसते, थंड ते निळं, तापलेलं ते लाल. एका जोडावर मला पांढरा ठिपका दिसतो. पांढरा म्हणजे लालच्याही पुढचा. जोड ढिला झालाय, वीज तिथेच तापून वाया जातेय, आणि तो कधी फुटेल सांगता येत नाही. भिंतीच्या पलीकडे पोती शिवणाऱ्या बायका डबे उघडून बसल्यात. थंडीच्या दिवसांत त्या रोज तिथेच जेवतात, भिंत गरम असते म्हणून. मी प्लांट मॅनेजरना बोलावून घेतलं. वयाने मोठे, सभ्य गृहस्थ. सोयाबीनचा सीझन आहे, गेटवर ट्रकांची लाइन लागलीय, प्लांट एकदा थांबला की परत सुरळीत व्हायला अख्खा दिवस जातो, हे सगळं त्यांनी शांतपणे समजावलं. मग म्हणाले, "मॅडमजी, रिपोर्ट में लिख दीजिए, अगले शटडाऊन में देख लेंगे. अभी चलने दो."

चलने दो. तुम्ही कामाला होतात त्या मिलमध्ये तुम्हालाही हेच सांगितलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. पॉवरहाऊसच्या पॅनलमधून जळका वास येतोय असं तुम्ही साहेबांच्या कानावर घातलंत, साहेबांनी चलने दो म्हटलं, आणि तुम्ही चालू ठेवलंत. संध्याकाळच्या आत पॅनल फुटलं आणि तुमच्याबरोबर काम करणाऱ्या काकांचे दोन्ही हात भाजले. त्या दिवशीचं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही मोरीत हात धुताय, धुतच राहिलाय, आणि आई तव्यावरची पोळी विसरून तुमच्याकडे बघतेय. ताटावर बसल्यावर तुम्ही एवढंच म्हणता, "मी बोललो होतो त्यांना." मी विचारलं, मग तुम्ही बंद का नाही केलं? एरवी तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात. "तुला काय मालूम नोकरी काय असते? चूपचाप जेव." पोळी जळाल्याचा वास घरभर पसरला होता, आणि उठून गॅस कुणीच बंद केला नाही. पुढे दर रविवारी तुम्ही कृष्णपुऱ्याला त्या काकांकडे जायचात, कधी मलाही न्यायचात. बशीत चहा ओतून, फुंकर घालून, तुम्ही त्यांना पाजायचात. काकांनी तुम्हाला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. मी मात्र दिला, मनातल्या मनात. माझा बाप घाबरला, असंच मला वाटत राहिलं, तुम्ही गेलात तेव्हासुद्धा.

आज मी पॅनल बंद करायला सांगितलं. मॅनेजरनी थेट माझ्या साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. साहेब म्हणाले, हे आपल्या कामात बसत नाही, रीडिंग घे आणि निघ. मी म्हटलं, बाहेर बायका बसल्यात. त्यावर ते म्हणाले, मग त्यांना उठव आणि निघ. मी बायकांना उठवलं. त्या कुरकुरल्या, थंडीत कुठे जाऊन बसायचं म्हणाल्या, आणि एकीने तर माझ्याकडे पाठच फिरवली. मी परत आत आले. "बंद केल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करणार नाही," मी म्हणाले. "दुसरा कुणी ऑडिटर आणलात तर हा फोटो मी त्यालाही पाठवीन."   तेवढ्यात प्लांटचा इलेक्ट्रिकल इंजिनियर, जो मघापासून पॅनलपाशी उभा होता, खाली बघत हळूच म्हणाला, "सर, बंद कर लेते हैं."

एकेक मशीन थांबत गेलं. पॅनल उघडलं तेव्हा जोडाभोवतीचं आवरण कोळसा झालेलं होतं, आणि पाना लावताच बोल्ट तुटून हातात आला.  मॅनेजरनी बाहेर जाऊन त्या गरम भिंतीला हात लावून बघितला, मग माझ्यासाठी चहा मागवला. साहेबांचा मेसेज गाडीत बसल्यावर आला. पुढच्या वेळी त्या प्लांटला दुसरं कुणी जाईल.

हे पत्र पाठवायचं कुठे, आणि आईला तर दाखवणारच नाही. मिलचा विषय निघाला की ती अजूनही उठून आत जाते. कुणी वाचलं तर म्हणेल, बापाला जमलं नाही ते मुलीने करून दाखवलं. तसं नाही, बाबा. मॅनेजर चलने दो म्हणाले तेव्हा मी आधी "ठीक है सर" म्हणाले होते. कॅमेरा बॅगेत ठेवून चेनही लावली होती. दारापर्यंत पोचलेसुद्धा. तेव्हा बाहेर त्या बायकांमधली कुणीतरी कशावर तरी मोठ्याने हसली, आणि मी मागे फिरले. ती हसली नसती तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.