आईच्या स्मरणप्रार्थनेला आलेली म्हैस

भूम,
सोमवार

आदरणीय शांतवनमामा,

तुम्हाला आणि मामींना अर्पिताचा मनापासून सलाम. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून तुम्ही अंगणापर्यंत जाता आणि मामींवर ओरडण्याइतका आवाज परत आलाय, हे फोनवर कळलं. प्रभूची कृपा. (आवाज आणखी आठवडाभर आला नसता तरी चाललं असतं, असं मामी म्हणाल्या. पण ते त्यांनी मला खाजगीत सांगितलंय.) इकडं बाबांची साखर ताब्यात आहे, आणि शमुवेल पुण्याहून आल्यापासून घरातलं प्रत्येक काम बहिणीवर, म्हणजे माझ्यावर, सोपवून स्वतः देखरेख करतो आहे. तुम्हाला येता आलं नाही, म्हणून काल आईच्या वर्षाच्या स्मरणप्रार्थनेत काय काय झालं ते काही न लपवता लिही म्हणालात. लिहिते. न लपवता म्हणालात हे मात्र ध्यानात ठेवा.

बाबांना काही मोठं नकोच होतं. घरातली माणसं, चर्चमधली चार-दोन कुटुंबं, प्रार्थना आणि चहा. भाषणं नाहीत. आई गेल्यापासून ते कसे झालेत हे तुम्ही दफनाच्या दिवशी पाहिलंच आहे. तेव्हा रडले नाहीत, नंतरही नाहीत. वाढलं तर जेवतात, विचारलं तर ‘बरंय’ म्हणतात आणि ओट्यावर बसून आईच्या बंद स्कूटीकडं बघत राहतात. वर्षभर आम्हाला धास्ती हीच होती, की हा माणूस आतल्या आत कुठंतरी निघून चाललाय आणि आम्हाला हाक मारता येत नाहीये.

पहिला घोटाळा फ्लेक्सचा. ते काम शमुवेलनं अंगावर घेतलं, म्हणजे झालं. दारावर लागल्यावर बघते तर आईचा हसरा फोटो आणि वर ठसठशीत ‘कैलासवासी रिबका साळवे’! मी तशीच बालाजी फ्लेक्सवाल्याकडं गेले. तो शांतपणे म्हणाला, “ताई, ते आधीच असतंय त्यात. आपण फकस्त फोटो आन् नाव बदलतो. काढलं तर डिझाईन हालतंय.” शेवटी त्यानं ‘ख्रिस्तवासी’ लिहिलेला कागद वर डकवून दिला, पण एका बाजूनं तो नीट चिकटलाच नाही. त्यामुळं दिवसभर वारा आला की आई कैलासात आणि वारा पडला की ख्रिस्तात, असं चाललं होतं. (तिला स्वतःला प्रवासाचा कंटाळा कधीच नव्हता, असं म्हणून मी मनाची समजूत घातली.)

आईची नोकरी सरकारी जनावरांच्या दवाखान्यातली, पशुधन पर्यवेक्षकाची, हे तुम्हाला नवीन नाही. पण ती नोकरी किती गोठ्यांत पसरली होती हे आम्हालाही कालच कळलं. प्रार्थनेची वेळ झाली आणि रस्त्यावर मोटारसायकलींची रांग लागली. खव्याच्या भट्टीवाले, शेळ्या पाळणाऱ्या बायका, येरमाळ्याकडचे दोघं, भाकरीचं गाठोडं घेऊन आलेल्या एक आजी. बोलावलं कुणालाच नव्हतं. एकानं कुणाच्या तरी तोंडून ऐकलं आणि बाकीच्यांनी त्याच्या. चहा पहिल्या फेरीत संपला, पण दुधाची चणचण पडली नाही, कारण जवळजवळ प्रत्येकानं किटली आणली होती. शेवटी पिकअप घेऊन आले आईचं जुनं गिऱ्हाईक बब्रुवानकाका, आणि त्यातून उतरली एक म्हैस. म्हातारी, शिंगं मागं वळलेली, कपाळाला कुंकू. काकांनी ती मांडवात आईच्या हार घातलेल्या फोटोशेजारच्या खांबाला बांधली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले, जणू जोडीनंच आलेत.

पाळकसाहेब सोलापूरचे, तरुण, आमच्याकडं पहिल्यांदाच आलेले. त्यांनी उत्तम मेंढपाळावर संदेश सुरू केला. मेंढरं हरवली, मेंढपाळ निघाला, इथवर सुरळीत होतं. तेवढ्यात बब्रुवानकाका हात जोडून उभे राहिले. “साहेब, मेंढराचं बरूबर हाय, पर बाईंचं काम जास्ती म्हशीत.” सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळकसाहेब बिचारे भले माणूस, पुढच्या वाक्यापासून मेंढरांत त्यांनी एक म्हैस घातली. मग डोळे मिटून प्रार्थना झाली. आमेन म्हणून डोळे उघडतो, तर फोटोवरचा शेवंतीचा हार अर्धा म्हशीच्या तोंडात! शमुवेल धावला. काका म्हणाले, “खाऊ द्या. बाईंनी सोताच्या हातानं चारला आस्ता.”

भाषणं नकोत हे ठरलेलं होतं, पण ते ह्या माणसांना कोण सांगणार? काकांनी सांगितलं, की एका नाताळला त्यांची म्हैस अडली होती. रेडकू आडवं आलेलं. ते चर्चच्या दाराशी येऊन घुटमळत राहिले, आत यायचा धीर होईना. आई नवं लुगडं नेसून गाण्याच्या ऐन मधात होती. तिनं बघितलं, पुस्तक शेजारणीच्या हातात दिलं आणि बाहेर आली. “म्या म्हणलं, बाई, आज सण हाय तुमचा. तर म्हणल्या, ज्याचा वाढदिवस हाय तो बी गोठ्यातच जलमला, चल.” त्या दिवशी जन्माला आलेली रेडी म्हणजेच ही हार खाणारी. (ते लुगडं मला आठवतं. आई संध्याकाळी घरी आली तेव्हा त्याचा मूळ रंग कोणता, यावर आमच्यात वाद झाला होता.)

मग अजीजाबी उठल्या. त्यांच्या शेळ्यांवर रोग आला तेव्हा आई रोज जायची आणि सुई टोचण्याआधी क्षणभर डोळे मिटायची. अजीजाबींनी एकदा विचारलं, बाई, हे काय करता? आई म्हणाली होती, “तू तुझ्या अल्लाला सांग, मी माझ्या येशूला सांगते. औषध सरकारचं आहे, कुणाचंच भांडण नको.” हसता हसता अजीजाबींनी पदर डोळ्याला लावला.

आणि मग बाबा उठले.

मामा, मला वाटलं आत निघाले. पण ते फोटोपाशी गेले, उरलेला हार सरळ केला आणि लोकांकडं वळले. “रिबका माझ्यावर रागावली की एकच वाक्य बोलायची,” ते म्हणाले. “तुमच्यापेक्षा म्हैस बरी. दुखतंय कुठं, ते दाखवते तरी.”

लोक खळखळून हसले. बाबाही हसले. आणि हसता हसताच त्यांनी हात छातीवर ठेवला. “इथं दुखतंय,” म्हणाले. “वर्ष झालं.” आणि ते रडले मामा, सगळ्यांसमोर, आवाज काढून, लहान मुलासारखे. कुणी उगी उगी केलं नाही. काका नुसते शेजारी जाऊन उभे राहिले, पाठीवरून हात फिरवत, जसा ते जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा. बऱ्याच वेळानं बाबा म्हणाले, भूक लागलीय. आजींच्या गाठोड्यातली भाकरी त्यांनी खव्याशी खाल्ली. (साखरेचं आम्ही कुणीच काही बोललो नाही. तुम्हीही बोलू नका.)

आज सकाळी त्यांनी स्कूटी धुतली.

मामींना सलाम. गुडघ्याला जपा.

तुमची भाची,
अर्पिता

ता.क. बाबांनी हे पत्र वाचलं. त्यांच्या मते ते रडले नाहीत, घसा बसला होता. बाकी मजकूर मंजूर.

ता.क. दुसरा, आणि पत्र खरं म्हणजे ह्यासाठीच. कबरीवर दगड बसवायचाय. आईच्या नावाखाली ‘गुराढोरांची डॉक्टरीण’ असं कोरायचं बाबांनी ठरवलंय. त्या दिवशी प्रार्थना थोरला भाऊ म्हणून तुम्हीच करायची आणि आईबद्दल चार शब्द बोलायचे, अशी त्यांची इच्छा आहे. आता थोडं अवघड लिहिते. जालन्याच्या तुमच्या चर्चमध्ये, तुमच्या सांगण्यावरून, आमची आई इतकी वर्षं नर्स होती, हे आम्हाला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. ती हसून म्हणायची, “दादा खोटं कुठं बोलतोय? पेशंट कोण, हे त्याला कुणी विचारलंच नाही.” तिला राग कधीच नव्हता. पण या खेपेला मामा, पेशंट कोण ते सांगा. जालन्याची माणसंही सोबत आणा. आणि घाबरू नका, बोलताना अडलात तर बब्रुवानकाका पहिल्या रांगेतच असतील.