अंगणातला पदाऊक

माझ्या हट्टी धाकट्या बहिणीला, खिन्माला,

मी बरी आहे. थायलंडात कामाला तोटा नाही, कोळंबी सोलून बोटं तेवढी चिरतात. तुझा गुडघा कसा आहे?

नववर्षाला सैनिकांच्या बायका आपल्या पदाऊकची पिवळी फुलं माळायला नेतात, म्हणून तू झाडच तोडणार? वेडी की काय! माझ्या नवऱ्याला त्या सैनिकांनीच तुरुंगात टाकलंय, तरी सांगते, कुऱ्हाड ठेव खाली. राज्यावर कुणी का बसेना, देश काय त्यांच्या नावावर झाला? झाड आईनं लावलंय. वर्षातून एकच दिवस फुलायचं, आणि त्या दिवशी आई आपल्या दोघींच्या वेण्या घालायची. आठवतं?

इथं आपल्या ब्रह्मदेशी बायका कागदाची पिवळी फुलं माळतात. मी नाही माळली. माझी तिथं झाडावर आहेत.

तुझी थोरली,
तिन न्वे